ग्लासगोची बॉईज ब्रिगेड : कवायत, धर्मशिक्षण आणि युवक-चळवळीचा उगम

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये ज्या धार्मिक आणि समाजसुधारक संस्था उदयाला आल्या, त्यांपैकी बॉईज ब्रिगेड या संस्थेचे नाव भारतात फारसे परिचित नाही. परंतु शाळाशाळांतून दिसणारी स्काऊट-गाईडची पथके ज्या परंपरेतून पुढे आली, त्या परंपरेचा आरंभ शोधत गेल्यास वाट स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरातल्या एका साध्या मिशन-सभागृहापर्यंत जाऊन पोहोचते. ४ ऑक्टोबर १८८३ रोजी तेथे स्थापन झालेली ही संस्था गणवेशधारी, स्वयंसेवी आणि मुलांसाठीच असलेली जगातील पहिली मोठी संघटना मानली जाते. तिने लष्कराकडून कवायत, हुद्दे आणि शिस्त उचलली, चर्चकडून ध्येय घेतले आणि या दोहोंचा मेळ घालून कामगार वस्तीतील किशोरांना बांधून ठेवणारी एक नवीच रचना उभी केली. लष्कराचे बाह्य रूप स्वीकारूनही लष्कराच्या हेतूपासून दूर राहता येते काय, हा प्रश्न मात्र जन्मापासूनच तिच्या पाठीशी लागला, आणि संस्थेचा पुढील इतिहास हा बहुतांशी त्या प्रश्नाला दिलेल्या उत्तरांचाच इतिहास आहे.

त्या काळचे ग्लासगो हे क्लाईड नदीकाठच्या जहाजबांधणीमुळे, लोखंडाच्या कारखान्यांमुळे आणि कापडाच्या व्यापारामुळे भरभराटीला आलेले, पण त्याच वेगाने दाटीवाटीच्या चाळींनी वेढले गेलेले शहर होते. स्कॉटलंडमध्ये १८७२ च्या शिक्षण कायद्याने पाच ते तेरा वर्षे वयाच्या मुलांसाठी शिक्षण सक्तीचे केले होते. मात्र तेरावे वर्ष उलटताच बहुसंख्य गरीब मुले कारखान्यात, गोदीत किंवा दुकानात कामाला लागत, आणि कामावरून सुटल्यावर त्यांच्या हाती रस्त्याखेरीज दुसरी जागा उरत नसे. चर्चच्या वतीने दर रविवारी मुलांना बायबलचे पाठ देणारी 'संडे स्कूल' नावाची व्यवस्था होती खरी, पण तिचे स्वरूप लहान मुलांना साजेसे असल्याने स्वतः कमावू लागलेला मुलगा तिच्यात रमत नसे. शाळा सुटलेली आहे, तरुणांच्या मंडळात घेण्याइतके वय झालेले नाही आणि घरात बसायला जागा नाही, अशा बारा ते सतरा या वयोगटातील मुलांची जबाबदारी कोणाचीच नव्हती. बॉईज ब्रिगेडने हाच वयोगट आपला मानला, आणि तिच्या यशाचे पहिले कारण या निवडीतच सापडते.

संस्थेचे संस्थापक विल्यम अलेक्झांडर स्मिथ यांचा जन्म २७ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला असलेल्या थर्सो या गावाजवळ झाला. वडिलांच्या मृत्यूनंतर किशोरवयातच ते ग्लासगोला आपल्या मामांच्या कापडव्यापारात काम करण्यासाठी आले. पुढे ते कॉलेज फ्री चर्चचे सभासद झाले. फ्री चर्च म्हणजे पाद्र्यांच्या नेमणुकीतील सरकारी व जमीनदारी हस्तक्षेप अमान्य करून १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या अधिकृत चर्चमधून बाहेर पडलेला पंथ. मुंबईत ज्यांच्या नावाने विल्सन कॉलेज ओळखले जाते ते डॉ. जॉन विल्सन हेही त्या फुटीच्या वेळी याच पंथात गेले होते, त्यामुळे मराठी वाचकाला हा पंथ अगदीच परका नाही. कॉलेज चर्चचे पाद्री जॉर्ज रीथ हे पुढे बी.बी.सी.चे पहिले महासंचालक झालेल्या जॉन रीथ यांचे वडील होत. १८७४ मध्ये अमेरिकन धर्मप्रचारक ड्वाईट मूडी आणि गायक आयरा सँकी यांच्या सभांनी ग्लासगोत धार्मिक उत्साहाची मोठी लाट उसळली, आणि त्याच सुमारास स्मिथ फर्स्ट लॅनर्कशायर रायफल व्हॉलंटियर्स या स्वयंसेवक सैन्यदलातही दाखल झाले. आठवड्यातील काही संध्याकाळी कवायतीच्या मैदानावर आणि रविवार नॉर्थ वुडसाईड मिशनच्या संडे स्कूलमध्ये, असा त्यांचा दुहेरी क्रम सुरू झाला.

या दोन बाजू एकत्र येण्यास काळही अनुकूल होता. फ्रान्सच्या आक्रमणाच्या भीतीने १८५९ मध्ये ब्रिटनमध्ये स्वयंसेवक सैन्याची चळवळ उभी राहिली होती आणि कारकून, दुकानदार, कारागीर असे सामान्य नागरिक हौसेने गणवेश चढवू लागले होते. दुसरीकडे चार्ल्स किंग्जली आणि थॉमस ह्यूज यांसारख्या लेखकांनी, बलवान शरीर, धैर्य आणि खिलाडूवृत्ती हे ख्रिस्ती चारित्र्याचेच भाग होत, असा विचार मांडला होता. त्यालाच पुढे बलोपासक ख्रिस्ती धर्म म्हणावे असे स्वरूप आले. धर्मकार्याला फौजेचे रूप देण्याचा प्रयोगही तोवर झालेला होता. विल्यम बूथ यांच्या संस्थेने १८७८ मध्ये 'साल्व्हेशन आर्मी' हे नाव धारण केले आणि १८८२ च्या सप्टेंबरात तिचे पहिले प्रचारक मुंबईत उतरले. महाराष्ट्रात हीच संस्था मुक्तिफौज म्हणून ओळखली जाते. स्मिथ यांचे वेगळेपण असे की, त्यांनी फौजेचे रूप प्रचारासाठी न वापरता शिक्षणासाठी वापरले आणि प्रौढांना न देता मुलांच्या हाती दिले.

संडे स्कूलच्या वर्गात मुले आवरत नाहीत, गोंधळ घालतात आणि चौदाव्या-पंधराव्या वर्षी येणेच बंद करतात, ही अडचण स्मिथ यांच्यासमोर दर रविवारी उभी राहत असे. स्वयंसेवक दलात मात्र दिवसभर कामाने थकलेले तरुण स्वखुशीने येतात आणि आज्ञा बिनतक्रार पाळतात, हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. जी शिस्त तरुणांना जाचक वाटत नाही ती मुलांनाही वाटणार नाही, किंबहुना ती त्यांना अभिमानाची वाटेल, असा विचार करून त्यांनी जेम्स आणि जॉन हिल या बंधूंना सोबत घेतले आणि गुरुवार, ४ ऑक्टोबर १८८३ च्या संध्याकाळी मिशनच्या सभागृहात मुलांना बोलावले. स्मिथ कॅप्टन झाले आणि हिल बंधू लेफ्टनंट. पहिल्या संध्याकाळी अठ्ठावीस मुले आली आणि थोड्याच काळात नोंदलेल्यांची संख्या एकोणसाठवर गेली. नियम कडक होते : ठरल्या वेळी रांग लागली की उशिरा येणाऱ्याला तिच्यात स्थान नसे, रांगेत बोलणे चालत नसे आणि बूट व कपडे स्वच्छ असावेच लागत. या काटेकोरपणामुळे पहिल्या मोसमात बरीच मुले गळाली, तरी स्मिथ यांनी नियम सैल केले नाहीत. जी टिकली त्यांना आपण काहीतरी कमावले आहे असे वाटू लागले, आणि गळालेल्यांपैकी कित्येकांना परत यावेसे वाटू लागले. प्रत्येक बैठकीची सुरुवात स्तोत्राने आणि प्रार्थनेने होत असे. ज्या मुलांनी रविवारच्या वर्गात शांतता पाळली नव्हती, तीच मुले सावधान स्थितीत उभी राहून प्रार्थना ऐकत होती.

संस्थेचे बोधचिन्ह जहाजाचा नांगर हे ठरले. बायबलच्या नव्या करारातील इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात आशेला जिवाच्या नांगराची उपमा दिलेली आहे. तेथूनच 'खात्रीचा आणि अढळ' या अर्थाचे ब्रीदवाक्यही घेतले गेले. उद्दिष्टात मुलांमध्ये ख्रिस्ताच्या राज्याची वाढ करणे आणि आदरभाव, शिस्त, स्वाभिमान तसेच खऱ्या ख्रिस्ती पुरुषार्थाला पोषक अशा सवयी रुजवणे यांचा उल्लेख होता. आज्ञाधारकपणा हा शब्द त्यात पुढे १८९३ मध्ये घालण्यात आला. पूर्ण गणवेश गरीब कुटुंबांना परवडणारा नव्हता, म्हणून स्मिथ यांनी १८८५ च्या सुमारास एक व्यवहार्य तोड काढली : पांढऱ्या फितीची छोटी गोल टोपी, कमरेचा पट्टा आणि खांद्यावरून तिरकी येणारी पांढरी झोळी एवढेच साहित्य अल्प किमतीत द्यायचे आणि ते मुलाने आपल्या रोजच्या कपड्यांवरच चढवायचे. कोट कितीही जुना वा ठिगळाचा असला तरी रांगेतली सगळी मुले सारखी दिसत, आणि वडिलांच्या मिळकतीचा फरक निदान त्या तासापुरता पुसला जाई. कवायतीसाठी नकली, म्हणजे गोळी न सुटणाऱ्या बंदुका वापरल्या जात. पुढील वादाचे मूळ नेमके या बंदुकांमध्ये होते.

ब्रिगेडच्या रचनेचे मूलभूत एकक 'कंपनी' हे होते. प्रत्येक कंपनी कोणत्या ना कोणत्या चर्चशी किंवा मिशनशी जोडलेली असावी लागे, आणि तिचा कॅप्टन हा त्या मंडळीतील पगार न घेणारा प्रौढ स्वयंसेवक असे. मुलांतूनच कॉर्पोरल आणि सार्जंट निवडले जात, त्यामुळे चौदा-पंधरा वर्षांच्या कारखान्यातील पोरावर आपल्यासारख्याच इतर मुलांची जबाबदारी प्रथमच येत असे. कवायत हा केवळ आरंभ होता. तिच्याभोवती बायबलचा वर्ग, वाद्यवृंद, व्यायामशाळा, प्रथमोपचाराचे शिक्षण, पोहणे, फुटबॉल आणि संध्याकाळी बसायला खोली असे अनेक उपक्रम उभे राहिले. १८८६ च्या जुलैत, ग्लासगोतील कारखाने वार्षिक सुटीसाठी बंद असताना, स्मिथ यांनी आपल्या कंपनीतील मुलांना क्लाईडच्या मुखापलीकडील टिनाब्रूईख या किनाऱ्यावरील गावी आठवडाभराच्या शिबिरासाठी नेले. मुक्काम तंबूत नसून गावातील सभागृहात होता. पण कामगारांच्या मुलांना घरापासून दूर, समुद्रकाठी, एकत्र राहण्या-जेवण्याचा असा अनुभव देणे त्या काळी इतके नवे होते की, अनेकांना ते धाडसच वाटले. आज युवक-संघटनांच्या कार्यक्रमात शिबिर अपरिहार्य मानले जाते. त्या प्रथेच्या आरंभीच्या प्रयोगांत या शिबिराची गणना करावी लागते.

या सर्व उपक्रमांच्या मुळाशी अधिकारी आणि मुलगा यांचे नाते होते. संडे स्कूलचा शिक्षक मुलाला आठवड्यातून एकदा तासभर भेटत असे. ब्रिगेडचा कॅप्टन त्याला कवायतीच्या संध्याकाळी, रविवारी, खेळाच्या मैदानावर आणि शिबिरात भेटत असे, त्याच्या घरी जाऊन येत असे आणि नोकरीसाठी चार ठिकाणी शब्द टाकत असे. या निकट सहवासातूनच धर्मसंस्कार घडतो, उपदेशातून नव्हे, ही स्मिथ यांची धारणा होती.

१८८४ मध्ये एडिंबरोत कंपनी निघाली, १८८५ मध्ये मध्यवर्ती कार्यकारिणी स्थापन झाली आणि काही वर्षांतच स्मिथ यांनी व्यापार सोडून ब्रिगेडचे पूर्णवेळ सचिवपद स्वीकारले. ग्लासगोतील धर्मचिंतक आणि निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक हेन्री ड्रमंड यांनी व्याख्यानांतून संस्थेचा परदेशांतही प्रसार केला. १९१० च्या सुमारास ब्रिटन, ब्रिटिश साम्राज्य आणि अमेरिका मिळून सुमारे २,२०० कंपन्या, दहा हजार अधिकारी आणि एक लाख मुले एवढा विस्तार झालेला होता. यशाबरोबर अनुकरणही आले. अँग्लिकन पंथीयांसाठी वॉल्टर गी यांनी १८९१ मध्ये लंडनच्या फुलम भागात चर्च लॅड्स ब्रिगेड काढली. कर्नल अल्बर्ट गोल्डस्मिड यांनी १८९५ मध्ये ज्यू लॅड्स ब्रिगेड स्थापन करून पूर्व युरोपातून लंडनमध्ये आलेल्या निर्वासित ज्यू कुटुंबांतील मुलांना संघटित केले. आणि १८९६ मध्ये बर्मंडसी येथे कॅथलिक बॉईज ब्रिगेड सुरू झाली. मुलींसाठी १८९३ मध्ये डब्लिनला गर्ल्स ब्रिगेड, १९०० मध्ये ग्लासगोत गर्ल्स गिल्ड्री आणि १९०२ मध्ये गर्ल्स लाईफ ब्रिगेड अशा संस्था निघाल्या, आणि १९६५ मध्ये या तिन्ही एकत्र झाल्या. ज्या रचनेचा जन्म एका प्रॉटेस्टंट पंथाच्या मिशनमध्ये झाला, ती एका पिढीच्या आत पंथ, धर्म आणि लिंग यांच्या सीमा ओलांडून गेली, हे तिच्या उपयुक्ततेचे प्रमाणच म्हणावे लागेल.

टीकाही तितकीच जोरदार झाली. युद्धविरोधी ख्रिस्ती मंडळींना मुलांच्या हाती बंदूक, मग ती नकली का असेना, देणे हे येशूच्या शिकवणीशी विसंगत वाटत होते. कवायत हे केवळ साधन असून मुलांना सैनिक बनवणे हा हेतू नाही, असे स्मिथ यांचे उत्तर होते. परंतु साधन आणि साध्य इतके सहज वेगळे ठेवता येत नाहीत, हा टीकाकारांचा मुद्दा निराधार नव्हता. या टीकेला केवळ शब्दांनी नव्हे तर कृतीने रूप दिले ते नॉटिंगहॅमचे धर्मोपदेशक जॉन ब्राऊन पेटन यांनी. त्यांच्या पुढाकाराने १८९९ मध्ये बॉईज लाईफ ब्रिगेड स्थापन झाली. तिने गणवेश आणि कवायत ठेवली, पण बंदूक काढून तिच्या जागी जीवरक्षणाचे शिक्षण आणले : आगीतून माणसाला बाहेर काढणे, बुडणाऱ्याला वाचवणे, जखमीला स्ट्रेचरवरून नेणे. कवायतीतली एकजूट आणि तत्परता जीव घेण्याऐवजी जीव वाचवण्याकडे वळवता येते, हे या संस्थेने दाखवून दिले.

याच काळात बॉईज ब्रिगेडचा संबंध रॉबर्ट बेडन-पॉवेल यांच्याशी आला. बोअर युद्धातील मॅफेकिंगच्या वेढ्यामुळे ते देशभर प्रसिद्ध झाले होते आणि सैनिकांसाठी लिहिलेले त्यांचे 'एड्स टू स्काऊटिंग' हे पुस्तक मुलेही वाचू लागली होती. १९०४ मध्ये ग्लासगोत त्यांनी ब्रिगेडच्या सुमारे सात हजार मुलांच्या संचलनाची पाहणी केली. दृश्य प्रभावी असले तरी कार्यक्रमात विविधता आणि आकर्षण वाढले तर मुलांची संख्या कित्येक पटींनी वाढेल, असे मत त्यांनी व्यक्त केले, तेव्हा स्मिथ यांनी त्यांना आपले पुस्तक मुलांसाठी नव्याने लिहिण्याची सूचना केली. १९०६ मध्ये या कल्पनेचा आराखडा ब्रिगेडच्या मुखपत्रात प्रसिद्ध झाला. १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राऊनसी बेटावर झालेल्या सुप्रसिद्ध प्रायोगिक शिबिरात जी वीस-बावीस मुले होती, त्यांत धनिकांच्या निवासी शाळांतील मुलांबरोबर बोर्नमथ आणि पूल येथील बॉईज ब्रिगेडच्या कंपन्यांतली मुलेही होती, आणि दोन्ही वर्गांतील मुले चार टोळ्यांत मिसळून ठेवली होती. बेडन-पॉवेल यांचा आरंभीचा विचार स्वतंत्र संस्था काढण्याचा नव्हता. ब्रिगेडसारख्या चालू संस्थांनी स्काऊटिंगचा उपयोग करून घ्यावा, असे त्यांना वाटत होते. १९०८ च्या जानेवारीपासून 'स्काऊटिंग फॉर बॉईज' पाक्षिक भागांत निघू लागले, मुलांनी आपण होऊन टोळ्या बनवायला सुरुवात केली आणि नवी चळवळ आपल्याच गतीने वेगळी झाली. स्काऊटिंगने रांगेऐवजी लहान टोळी आणि मैदानाऐवजी रान निवडले, तसेच ईश्वराविषयीचे कर्तव्य मान्य करूनही कोणत्याही एका चर्चचे सभासदत्व आवश्यक मानले नाही. त्यामुळे ती बिगरख्रिस्ती समाजांतही सहज रुजू शकली.

भारतापुरता याचा परिणाम स्पष्ट दिसतो. येथे १९०९ मध्ये आलेले स्काऊटिंग आरंभी युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरतेच खुले होते. ही दारे बंद आहेत असे दिसताच अॅनी बेझंट यांनी मद्रास प्रांतात आणि मदनमोहन मालवीय, श्रीराम वाजपेयी व हृदयनाथ कुंझरू यांनी अलाहाबादेत भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना काढल्या. कुंझरू हे गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात स्थापलेल्या भारत सेवक समाजाचे आजीव सेवक आणि पुढे त्याचे अध्यक्ष होते, त्यामुळे या प्रयत्नामागील सेवाव्रताचा एक धागा पुण्याशीही जोडलेला आहे. या प्रवाहांचे एकीकरण होऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था अस्तित्वात आली.

ब्रिगेडची खरी कसोटी मात्र ब्रिटनमध्येच लागली. सैन्याची पुनर्रचना सुरू असताना १९१० च्या सुमारास युद्धखात्याने मुलांच्या संघटनांना कॅडेट दल, म्हणजे सैन्याशी संलग्न असलेले किशोरांचे दल, म्हणून मान्यता देण्याची योजना आखली. स्वतः स्वयंसेवक सैन्यात दीर्घकाळ अधिकारी राहिलेल्या आणि १९०९ मध्ये सर हा किताब मिळालेल्या स्मिथ यांना ही संलग्नता सहज पटेल, अशी अनेकांची अपेक्षा असणार. परंतु ब्रिगेडचे स्वरूप धार्मिक आहे, ती युद्धखात्याची शाखा होऊ शकत नाही, या भूमिकेवर संस्था ठाम राहिली. चर्च लॅड्स ब्रिगेडने उलट निर्णय घेऊन ती मान्यता स्वीकारली, आणि महायुद्ध सुरू होताच तिच्या आजी-माजी सदस्यांतून किंग्ज रॉयल रायफल कोअरची सोळावी पलटण उभी राहिली, जी १९१६ च्या जुलैत सोमच्या लढाईत हाय वूड येथे उतरली आणि जिची तेथे मोठी हानी झाली. बॉईज ब्रिगेडचेही हजारो माजी सदस्य त्या युद्धात लढले आणि मारले गेले. संलग्नता नाकारल्याने कोणाचे प्राण वाचले असे म्हणता येणार नाही. त्या निर्णयाचे महत्त्व वेगळे आहे : मुलांच्या संस्थेवर अंतिम अधिकार कोणाचा, राज्यसत्तेचा की तिला जन्म देणाऱ्या समाजाचा, या प्रश्नाचे उत्तर त्याने दिले. युद्ध सुरू होण्यापूर्वीच, १० मे १९१४ रोजी, स्मिथ यांचे लंडनमध्ये निधन झाले आणि त्यांचे दफन ग्लासगोत झाले.

युद्धाच्या भीषण अनुभवानंतर नकली बंदुकीविषयीचा अभिमान फार काळ टिकणे शक्य नव्हते. १९२६ मध्ये बॉईज ब्रिगेड आणि बॉईज लाईफ ब्रिगेड यांचे एकीकरण झाले तेव्हा बंदुकीची कवायत सोडून देण्यात आली आणि नांगराच्या मागे लाईफ ब्रिगेडचा लाल क्रूस येऊन संयुक्त बोधचिन्ह तयार झाले. ज्या टीकाकारांनी सत्तावीस वर्षांपूर्वी वेगळी वाट धरली होती, त्यांचा आग्रह अखेर मूळ संस्थेने मान्य केला होता. बंदूक गेल्याने काहीही बिघडले नाही. १९३३ मध्ये ग्लासगोत झालेल्या सुवर्णमहोत्सवात हॅम्पडेन पार्क या फुटबॉलच्या मैदानावरील प्रार्थनासभेला लाखाहून अधिक लोक उपस्थित होते.

ब्रिटनबाहेरचा प्रसार व्यापारी, मिशनरी आणि सरकारी नोकरांच्या मार्गाने, म्हणजेच साम्राज्याच्याच मार्गाने झाला, हे नमूद करणे आवश्यक आहे. नायजेरियात १९०८ मध्ये पहिली कंपनी निघाली. सिंगापूरमध्ये जेम्स मिल्नर फ्रेझर या वास्तुविशारदाने १९३० च्या जानेवारीत प्रिन्सेप स्ट्रीटवरील प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये काम सुरू केले. साम्राज्य गेले तरी या देशांतील ब्रिगेड राहिली. स्थानिक चर्चनी आणि शाळांनी ती आपलीशी केली, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये चर्चला जाणाऱ्यांबरोबर ब्रिगेडची सदस्यसंख्याही घटत असताना आफ्रिका आणि आग्नेय आशियात मात्र तिचे काम जोमाने चालू राहिले.

या इतिहासाचा निर्णय करताना दोन्ही बाजू लक्षात घ्याव्या लागतात. बॉईज ब्रिगेडवर तिच्या काळाची, साम्राज्याची आणि लष्करी अभिमानाची छाया होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण १८८३ ते १९२६ या त्रेचाळीस वर्षांत बंदूक गेली आणि त्यानंतरच्या काळात जुनी टोपीही गेली, तरी संस्था राहिली. टिकून राहिला तो तिचा गाभा : ठरल्या संध्याकाळी न चुकता दार उघडणारा, मोबदला न घेणारा आणि प्रत्येक मुलाला नावाने ओळखणारा एक प्रौढ माणूस. गणवेशधारी युवक-संघटनांचा विचार करणाऱ्या कोणत्याही समाजाने, शाळेने किंवा सरकारने या इतिहासातून घ्यावा असा धडा हाच आहे की, रांगेतील शिस्त ही त्या माणसाच्या आस्थेतून निर्माण होते. तो माणूस नसेल तर केवळ गणवेश आणि कवायत यांच्या बळावर मुले घडत नाहीत.